लॅपटॉपच्या पोटाखालची हवा

लॅपटॉपच्या खोक्यात एक माहितीपत्रक असतं आणि बहुतेक घरांत ते खोक्यासकट माळ्यावर जातं. त्यात कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की हे यंत्र किती तापमानाच्या हवेत चालवावं. ॲपलच्या मॅकबुकसाठी ही मर्यादा १० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. इतर कंपन्यांच्या घरगुती वापराच्या बऱ्याच लॅपटॉपांनाही वरची मर्यादा ३५ अंशांचीच दिलेली असते. हा आकडा यंत्राच्या आतल्या तापमानाचा नाही, भोवतालच्या हवेचा आहे. आता अहिल्यानगर जिल्ह्यातला, म्हणजे परवापरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यातला, एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. दुपारी पारा चाळिशी गाठतो, ओलांडतो, आणि तो आकडा सावलीतल्या मोकळ्या हवेचा असतो. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेडकडच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी तीन वाजता हवा त्याहूनही तापलेली असते. म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत दुपारचे काही तास असे येतात, की ज्या हवेसाठी कंपनीने यंत्र बनवलं ती हवा इथे मिळतच नाही.

आणि हेच दिवस कामाचे असतात. निकाल लागतात, प्रवेशाची धावपळ सुरू होते, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले काढायला आपले सरकार सेवा केंद्रांवर रांगा लागतात. संगमनेर, लोणी, कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं शेवटच्या वर्षाचे प्रकल्प पुरे करत असतात. पुण्यातल्या कंपनीचं काम गावाकडून करणारी तरुण मंडळी उन्हाळ्यात घरी आलेली असतात. नेमका त्याच वेळी लॅपटॉप घरघरायला लागतो, कळफलकाची वरची पट्टी हाताला चटका देते, पडद्यावरचं काम रेंगाळतं. दुकानात नेला की सल्ला ठरलेला असतो: कुलिंग पॅड घ्या. काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत तो मिळतो. जाळीदार पृष्ठभाग, खाली एक ते सहा पंखे, निळे दिवे, आणि लॅपटॉपच्याच यूएसबी खोबणीत खोचायची वायर. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कुलिंग पॅड हवा थंड करत नाही, तो फक्त हवा पोचवतो. त्याचे पंखे खोलीतलीच हवा उचलून लॅपटॉपच्या पोटाशी नेतात. तेव्हा पैसे सार्थकी लागतात की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: खोलीतली हवा किती गरम आहे, आणि ती यंत्राच्या आत शिरायची वाट मोकळी आहे का. नगरसारख्या जिल्ह्यात हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात, पॅडचा क्रमांक त्यांच्यानंतर लागतो.

लॅपटॉप तापतो कशाने, हे एकदा नीट पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं. प्रोसेसरची चिप नखाएवढी किंवा फार तर टपाल तिकिटाएवढी असते. तिच्यावर अब्जावधी सूक्ष्म खटके सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात. त्यासाठी जेवढी वीज आत जाते तेवढीच उष्णता होऊन बाहेर पडते. चिप ४५ वॉट वीज घेत असेल तर तिला ४५ वॉट उष्णता बाहेर टाकावीच लागते. मधे कुठे ती जिरत नाही. ही उष्णता आधी एका मलमासारख्या थरातून, म्हणजे थर्मल पेस्टमधून, तांब्याच्या पट्टीत जाते. पट्टीला चपट्या तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात, त्यांना हीट पाइप म्हणतात. वरून त्या भरीव दिसतात, पण आत पोकळी असते आणि त्यात थोडंसं पाणी हवा काढून बंद केलेलं असतं. गरम टोकाला त्या पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पाणी होऊन उष्णता सोडते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत गरम टोकाला येते. पंपाशिवाय, आवाजाशिवाय हे चक्र चालू राहतं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी प्रत्यक्षात करून दाखवली. पुढे ती उपग्रहांत गेली आणि कालांतराने आपल्या टेबलावर आली. नळीच्या थंड टोकाला तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा गठ्ठा असतो आणि एक छोटा पंखा त्या पात्यांमधून हवा फुंकून बाहेर टाकतो. ती हवा येते कुठून? बऱ्याच लॅपटॉपांत पोटाच्या जाळीतून. आणि त्या पोटाला टेकण्यासाठी रबराचे जे पाय दिलेले असतात, त्यांची उंची असते जेमतेम काही मिलिमीटर.

नगर, पारनेर, राहुरी, श्रीगोंदा भागातल्या कांदा उत्पादकाला याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. कांद्याची चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून बांधतात, तळाला फटी ठेवतात, आणि त्या फटींतून हवा वर ढिगात खेळती राहिली तरच उन्हाळी कांदा दिवाळीपर्यंत टिकतो. चाळीचा तळ बुजला तर वरून कितीही मोठं छप्पर घातलं तरी ढिगाच्या मध्यभागी सड सुरू होते. गादीवर, उशीवर, सोफ्याच्या गुबगुबीत हातावर ठेवलेल्या लॅपटॉपचं नेमकं तेच होतं. रबराचे पाय कापडात रुततात, पोटाची जाळी बुजते, आतला पंखा जीव तोडून फिरतो, पण त्याला ओढायला हवाच मिळत नाही. अशा वेळी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लॅपटॉप कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवणं आणि मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलणं. लाकडाच्या दोन पट्ट्या पुरतात, जुन्या पुस्तकाचा आधारही चालतो, फक्त जाळी झाकली जाता कामा नये. कुलिंग पॅडमुळे मिळणाऱ्या फायद्यातला चांगला मोठा वाटा त्याच्या पंख्यांचा नसतो, या उचलण्याचाच असतो. पॅडचे पंखे बंद ठेवून नुसता वापरून पाहिला तर हे कुणालाही घरी पडताळता येईल.

आता हवेच्या तापमानाचा हिशेब. इथे थोडं गणित आहे, पण ते करण्याजोगं आहे, कारण सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे. ठरावीक वॉटची उष्णता बाहेर टाकायची तर चिप भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम असावी लागते. समजा, २५ अंशांच्या खोलीत एखादी चिप ४५ वॉटवर काम करताना ८० अंशांवर स्थिरावते. म्हणजे फरक ५५ अंशांचा. पंखा त्याच वेगाने फिरतो आहे असं धरलं, तर खोली ४२ अंशांची झाल्यावर तेच काम करताना चिप ४२ अधिक ५५, म्हणजे ९७ अंशांवर जाते. खोली जितकी तापते, जवळपास तितकीच चिप तापते. लॅपटॉपमधल्या बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे ९७ अंशांवर चिप उंबरठ्यावर उभी असते. जरा काम वाढलं की ती स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. यालाच तंत्रज्ञ थ्रॉटलिंग म्हणतात, आणि आपण म्हणतो लॅपटॉप हँग होतोय. त्यात नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. तेवढ्याच तापमानाला इथली हवा मुंबईच्या मानाने सुमारे सात टक्के विरळ असते, आणि विरळ हवा उष्णता थोडी कमी वाहून नेते. हा परिणाम लहान आहे, पण तो आपल्या बाजूने नाही.

आता याच ९७ वर एकेक उपाय लावून पाहू. साध्या कुलिंग पॅडने चिपचं तापमान सहसा काही अंशांनी उतरतं; पाच धरू. ९७ चे ९२ झाले. खोलीत पाण्याचा कुलर लावून हवा ४२ वरून ३२ वर आणली तर ८७ झाले. आणि कुलर, पॅड यांतलं काहीच न करता, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन चिपला ४५ ऐवजी ३० वॉटवरच काम करायला लावलं, तर ५५ अंशांचा फरक सुमारे ३७ वर येतो आणि चिप ७९ अंशांवर स्थिरावते. खोली तीच, ४२ अंशांची. हा शेवटचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो फुकट आहे. वीज एक तृतीयांशाने कमी केली तर वेगही एक तृतीयांशाने घटेल अशी भीती वाटते, पण तसं होत नाही. चिपचा वेग वाढवायचा तर तिला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, आणि विजेचा खप वेगाच्या कितीतरी पट झपाट्याने चढतो. ढोबळ हिशेबाने वीज एक तृतीयांशाने घटली तर वेग जेमतेम आठव्या भागाने उतरतो. दाखले भरणं, प्रबंध टाइप करणं, व्हिडिओ पाहणं, ऑनलाइन तास ऐकणं यांत तो आठवा भाग कुणाच्या लक्षातही येत नाही. विंडोजमध्ये पॉवरच्या सेटिंगमध्ये 'बेस्ट पॉवर इफिशियन्सी' निवडणं, किंवा लॅपटॉपच्या कंपनीने दिलेल्या ॲपमध्ये शांत किंवा थंड असा पर्याय निवडणं, एवढ्याने हे साधतं. दुपारी एक ते पाच हा पर्याय आणि रात्री पुन्हा पूर्ण वेग, अशी सवय नगरच्या उन्हाळ्यात कुणालाही परवडण्यासारखी आहे.

मग पॅड निरुपयोगी का? अजिबात नाही. ज्याला संपूर्ण वेग लागतोच, म्हणजे व्हिडिओ संपादन करणारा, त्रिमितीय आराखडे काढणारा, तासन्‌तास गेम खेळणारा, त्याच्यासाठी पाच अंशही मोलाचे असतात. मात्र पॅड निवडताना लॅपटॉप उलटा करून पाहिला पाहिजे. पोटाची जाळी जिथे आहे तिथेच पॅडचा पंखा यायला हवा. मधोमध एकच मोठा पंखा असलेला पॅड आणि कडेला जाळी असलेला लॅपटॉप ही जोडी जुळत नाही. पंख्याची दिशाही महत्त्वाची. काही पॅड हवा वर फुंकण्याऐवजी खाली ओढतात. पोटातून हवा आत घेणाऱ्या लॅपटॉपखाली असा पॅड ठेवला तर दोन पंखे एकाच हवेसाठी एकमेकांशी झुंजतात. पॅडच्या कडेला फोमची चौकट असेल आणि ती लॅपटॉपच्या पोटाला चिकटून बसत असेल, तर हवा बाजूने निसटत नाही आणि साध्या पॅडपेक्षा ठळक फरक पडतो, पण त्याचा आवाजही तेवढाच वाढतो. आणि काही लॅपटॉपांना पॅडचा उपयोग नावापुरताच. २०२० च्या शेवटी आलेल्या आणि त्यानंतरच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. तिथे उष्णता धातूच्या कवचातून बाहेर पडते. अशा यंत्राखाली पॅड ठेवला तर कवच थोडं गार लागेल, पण जाळीतून आत जाणारा झोत तिथे नाहीच.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या अभियंत्यांना उष्णतेचं गणित आपल्यापेक्षा जास्त कळतं; चिप शंभर अंशांवर स्वतःला सांभाळते, त्यापुढे गेली तर यंत्र आपोआप बंद होतं; मग आपण कशाला काळजी करायची? चिपपुरतं हे खरं आहे. ९० अंशांवर चालल्यामुळे प्रोसेसर जळाला असं सहसा होत नाही. पण अभियंत्यांनी गणित मांडलं ते ३५ अंशांच्या हवेपर्यंतचं, हे सुरुवातीलाच पाहिलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लॅपटॉपच्या कवचात चिप एकटी राहत नाही. तिच्या शेजारी बॅटरी असते, पंख्याचा छोटा बेअरिंग असतो, साठवणुकीची एसएसडी असते. चिपला जे ९० अंश चालतात त्यांची झळ या सगळ्यांना लागते आणि त्यांना ती चालत नाही.

बॅटरीची गोष्ट विशेष लक्ष देण्यासारखी आहे, कारण तिथे नुकसान गुपचूप होतं. लिथियम-आयन बॅटरी न वापरता नुसती ठेवली तरी म्हातारी होते, आणि हे म्हातारपण दोन गोष्टींनी वाढतं: उष्णता आणि भरलेपण. बॅटरीतज्ज्ञांच्या लिखाणात नेहमी येणारा अंदाज असा, की पूर्ण भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ८० टक्के क्षमता उरते, आणि ४० अंशांत ठेवली तर सुमारे ६५ टक्के. तीच बॅटरी ४० टक्के भरून ४० अंशांत ठेवली तर मात्र ८५ टक्क्यांच्या आसपास क्षमता टिकते. याचा सरळ अर्थ असा, की उन्हाळ्याच्या दुपारी चार्जर सतत लावून, बॅटरी शंभर टक्क्यांवर ठेवून काम करणं हा तिच्यावरचा सर्वांत मोठा घाव आहे. आता बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती चालू करायला एक मिनिट लागतं. एका लॅपटॉपवर चार-पाच वर्षं काढणाऱ्या विद्यार्थ्याला नवी बॅटरी घेणं म्हणजे एका महिन्याच्या खानावळीचे पैसे घालणं असतं. ते वाचवण्यासाठी हे एक मिनिट द्यायलाच हवं.

आता हवा थंड करण्याबद्दल. नगरचा उन्हाळा कोरडा असतो, आणि हा कोरडेपणा आपल्या कामाचा आहे. समजा, बाहेर ४० अंश तापमान आहे आणि हवेत आर्द्रता २० टक्के. अशा हवेतून पाण्याचं बाष्पीभवन होऊ दिलं तर ती तत्त्वतः २२ अंशांच्या आसपासपर्यंत उतरू शकते. घरगुती कुलरचा वाळा किंवा गवताचा पडदा तेवढं साधत नाही, पण अर्ध्याहून अधिक वाट काटतो, आणि खिडकी थोडी उघडी ठेवली तर खोली तिशीच्या आसपास येते. या भूमीला ही युक्ती नवी नाही. नगर शहरातला फराह बाग हा निजामशाही महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला, आणि तो चौफेर पाण्याच्या तलावाच्या मधोमध उभा केलेला होता. आज तलाव कोरडा आहे, पण पाण्यावरून येणारा वारा गार होतो हे बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. कुलरच्या ओलाव्याने लॅपटॉप खराब होईल अशी शंका अनेकांना येते. कुलरची हवा ओलसर असली तरी लॅपटॉप तिच्यापेक्षा कायम गरम असतो, आणि गरम वस्तूवर दव साचत नाही. धोका असतो तो उडणाऱ्या थेंबांचा. इकडचं बोअरचं पाणी बहुधा क्षारयुक्त, आणि क्षाराचा थेंब सर्किटवर वाळला की खोबणी गंजते. म्हणून कुलर लॅपटॉपच्या तोंडासमोर ठेवू नये. खोली गार करावी, यंत्रावर फवारा मारू नये.

इथेच एक इशारा द्यायला हवा, कारण उन्हाळ्यात काही घरांत हा प्रकार चालतो: लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी, ओला टॉवेल, किंवा फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवून काढलेलं यंत्र. हे सगळं घातक आहे. थंड झालेल्या धातूवर हवेतलं बाष्प पाणी होऊन बसतं, बाहेरून दिसणार नाही असं, आतल्या बाजूला. बाजारात आता विजेने थंड होणारी पेल्टियर पट्टी बसवलेले पॅडही मिळतात. कोरड्या मे महिन्यात त्यांचा त्रास कमी, पण हाच पॅड अकोले तालुक्यात घाटघर किंवा रतनवाडीला ऑगस्टमध्ये वापरला तर काय होईल? एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला जामखेडचं अवर्षण आणि दुसऱ्या टोकाला सह्याद्रीचा कोसळता पाऊस, अशी आपल्या जिल्ह्याची रचना आहे. त्या पावसाळी हवेत विशीतल्या अंशाला आलेल्या पट्टीवरही थेंब धरतात. पाणी हे उष्णता वाहून नेण्याचं उत्तम साधन आहे यात वाद नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणक पाण्यानेच थंड केला जातो. पण तिथे पाणी बंद नळ्यांतून चिपच्या पट्टीपर्यंत जातं आणि परत येतं, एक थेंब बाहेर पडत नाही. उघडं पाणी आणि उघडी जाळी यांची गाठ पडू देणं हा वेगळाच मामला आहे.

मांडीवरच्या लॅपटॉपचा प्रश्न मात्र यंत्रापेक्षा शरीराचा आहे. २०१० मध्ये 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात बारा वर्षांच्या एका मुलाची नोंद आली. रोज तासन्‌तास मांडीवर लॅपटॉप ठेवून खेळल्यामुळे त्याच्या मांडीची कातडी जाळीदार डागांनी काळवंडली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये दाखवून दिलं, की तासभर मांडीवर लॅपटॉप ठेवला तर पुरुषांच्या वृषणांच्या पिशवीचं तापमान अडीच अंशांहून अधिक वाढतं, आणि शुक्रजंतूंच्या निर्मितीला उष्णता मानवत नाही हे वैद्यकाला जुनंच ठाऊक आहे. त्याच गटाने पुढे मांडीवर ठेवायच्या पाटाचीही तपासणी केली, तेव्हा पाटाने तापमान वाढायला थोडा उशीर झाला, ते वाढणं टळलं नाही. पाय जवळ घेऊन बसणं हेच मुख्य कारण निघालं. म्हणजे मांडीवरच्या पॅडवर भरवसा ठेवून निर्धास्त होऊ नये. नाव लॅपटॉप असलं तरी त्याची जागा टेबलावर आहे.

धुळीबद्दल थोडक्यात, पण ठासून सांगतो. उसाच्या पट्ट्यात पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी, कच्च्या रस्त्यांची माती, कापडाचे तंतू हे सगळं पात्यांच्या गठ्ठ्यात अडकतं आणि वर्ष-दोन वर्षांत तिथे पातळ नमद्यासारखा थर जमतो. त्या थराने हवेची वाट बंद झाली की पॅडचे पंखे दुप्पट केले तरी हवा पलीकडे जात नाही, उलट बाहेरची धूळ अधिक जोराने आत ढकलली जाते. म्हणून पॅड घ्यायच्या आधी लॅपटॉप उघडून साफ करून घ्यावा. ब्लोअर मारताना आतला पंखा बोटाने किंवा काडीने धरून ठेवायला सांगावं, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग निकामी होतो. तीन-चार वर्षं जुन्या यंत्राची थर्मल पेस्ट वाळलेली असण्याची शक्यता बरीच असते, ती याच वेळी बदलून घ्यावी. वॉरंटी चालू असेल तर हे काम कंपनीच्या केंद्रातच करावं.

वीज गेल्यावर कुलरही बंद आणि छताचा पंखाही बंद. तेव्हा पॅड हाच एकमेव पंखा उरतो, हा पॅडच्या बाजूचा खरा मुद्दा आहे आणि तो मान्य करायला हवा. पण तो वीज घेतो कुठून? लॅपटॉपच्या खोबणीतून. साधी यूएसबी खोबणी अडीच वॉटच्या आसपास देते. दाखले भरण्यासारख्या हलक्या कामात लॅपटॉप स्वतः १५ वॉट घेत असेल तर पॅडमुळे बॅटरी सुमारे सातव्या भागाने लवकर संपेल. पॅड मोबाइलच्या पॉवर बँकेला जोडला तर हा तोटाही टळतो.

जिल्ह्याच्या विस्ताराचा विचार केला तर हा प्रश्न एकेका घरापुरता उरत नाही. सतरा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर, चौदा तालुके, महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. गावोगावच्या ग्रामपंचायती, जिल्हा परिषदेच्या शाळा, सेवा केंद्रं, अभ्यासिका यांत संगणक आणि लॅपटॉप पोचले आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच खोल्यांचं छत पत्र्याचं आहे. या ठिकाणी पॅडांची घाऊक खरेदी करण्याआधी पत्र्यावर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारला, दुपारच्या उन्हाच्या भिंतीपासून टेबल हलवलं, तर यंत्रांबरोबर तिथे बसणाऱ्या माणसांचंही तापमान उतरेल. लॅपटॉप निवडतानाच पोटाची जाळी, भोवतालच्या हवेची वरची मर्यादा आणि बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय ही तीन कलमं मागणीपत्रात घालता येतील. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. ज्या खोलीत मे महिन्यात दुपारी ४२ अंश असतात तिथे ३५ अंशांचं यंत्र द्यायचं, आणि ते अडलं की चालवणाऱ्याला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. चौकशी खरेदीच्या वेळीच व्हायला हवी, आणि ती दुकानदाराने करायची नाही, घेणाऱ्याने करायची आहे.